वाफेवर चालणारी पाणबुडी

अणुपाणबुडी वाफेवर चालते! सध्या मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय. एसटीत शेजारी बसलेल्याला, केस कापणाऱ्याला, लग्नाच्या पंगतीत ताटाशेजारी आलेल्या पाहुण्याला. लोक आधी हसतात, मग ‘म्हणजे कसं हो?’ म्हणतात आणि तिथंच फसतात. कारण मग मी अर्धा तास थांबत नाही.

तर ते असं. पाणबुडीच्या पोटात अणुभट्टी असते. युरेनियमचे अणू फुटतात आणि प्रचंड उष्णता निघते. ती उष्णता वाहून न्यायला पाणी असतं, पण त्याच्यावरचा दाब साधारण दीडशे वातावरणांचा, त्यामुळं तीनशे अंशांच्या आसपास तापूनही ते उकळत नाही. हे पाणी नळ्यांच्या जुडग्यातून फिरतं आणि नळ्यांबाहेरच्या दुसऱ्या पाण्याची वाफ करतं. वाफ टर्बाइनच्या पात्यांवर आदळते, टर्बाइन गरगरतं, गिअरबॉक्स तो वेग उतरवतो आणि मागचा पंखा फिरतो. काम झालेली वाफ समुद्राच्या पाण्यानं गार होते, तिचं पुन्हा पाणी होतं आणि ते पुन्हा तापायला जातं. झालं! एवढ्या थोर अणूचं काम काय, तर पाणी तापवणं. पण या जाळाला हवा लागत नाही, आणि सगळी जादू तिथं आहे. डिझेलवरच्या पाणबुडीला बॅटऱ्या भरायला अधूनमधून पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन हवा ओढावी लागते. तिथंच शत्रूची नजर असते. अणुपाणबुडी महिनोन्‌महिने खाली राहू शकते. तिला परत यावं लागतं ते माणसांचा शिधा संपतो म्हणून.

हे पहिल्यांदा वाचताना मी खुर्चीतून उठलोच. बॉयलर, वाफ, टर्बाइन, गिअरबॉक्स, कंडेन्सर… अरे, हे तर आपल्याकडं दर दिवाळीच्या आगंमागं पेटतं! कृष्णाकाठी राहणाऱ्याला हे कुणी वेगळं समजावून द्यायला नको. साखर कारखान्यात बॉयलर अग्निप्रदीपन होतं, गव्हाणीत मोळी पडते, बगॅस म्हणजे उसाचा चोथा जळतो, वाफ होते आणि जुन्या मिल हाऊसमध्ये त्या वाफेवर टर्बाइन फिरतं. मिनिटाला हजारो फेरे घेणारं टर्बाइन आणि मिनिटाला जेमतेम चार-पाच फेरे घेणारे उसाचे रोलर, यांच्यामध्ये गिअरबॉक्स उभा असतो. साखर कारखाना आणि अणुपाणबुडी एका घराण्यातली!

ही नुसती उपमा राहिली असती तर मी एवढा वेडा झालो नसतो. पण पुढचं ऐका. भारतात बांधलेली पहिली अणुपाणबुडी ‘अरिहंत’. 26 जुलै 2009 रोजी, कारगिल विजय दिवशी, विशाखापट्टणमला तेव्हाच्या पंतप्रधानांच्या पत्नी गुरशरण कौर यांनी नारळ फोडून तिचं जलावतरण केलं. तिचं धड लार्सन अँड टुब्रोनं हजिऱ्याला केलं, नियंत्रण यंत्रणा टाटा पॉवरची. आणि अणुभट्टीला जोडलेली वाफेची टर्बाइन व त्यांची यंत्रणा? वालचंदनगर इंडस्ट्रीज! साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवण्यात जिचं नाव झालं, तीच कंपनी. पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात. हिचीच एक फाउंड्री कोरेगाव तालुक्यात सातारा रोडला आहे. तो मुळात धनजीशा कूपर यांचा कारखाना, लोखंडी नांगर आणि डिझेल इंजिनं करणारा. हे कूपर 1937 साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. पुणे–मिरज गाडीतून जाताना ‘सातारा रोड’ ही पाटी मी आयुष्यभर पाहिली, आणि तिच्यामागं एवढं दडलेलं!

मी तडक आमच्या ओळखीच्या तात्यांकडं गेलो. तात्या वाळवा तालुक्यातल्या एका कारखान्यात मिल हाऊसला फिटर होते, आता निवृत्त. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग त्यात काय? वाफ कुठंबी वाफच की. पण मला एक सांगा, आमच्या गिअरचा आवाज पार वस्तीपर्यंत यायचा. तुमची पाणबुडी लपणार कशी?”

पन्नास पुस्तकांत नसता आला इतका नेमका प्रश्न! कारण अणुपाणबुडीचं खरं शास्त्र तिथंच सुरू होतं. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर जातो, हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं, आणि फार लांब पोचतो. पंखा जोरात फिरवला तर पात्यांवर पाण्याचे बुडबुडे तयार होऊन फुटतात, त्याचाही गोंगाट. म्हणून पंखा सावकाश फिरायला हवा, म्हणून गिअर हवा, आणि गिअरचा दात दाताला लागताना कुरकुरता कामा नये, म्हणून तो दात मायक्रॉनच्या हिशोबात घासायला हवा. शिवाय यंत्रं थेट धडावर न बसवता लवचीक आधारांवर तोलायची, म्हणजे कंप समुद्रापर्यंत जात नाही. अणू फोडणं एक वेळ जमेल, पण न बोलणारा गिअर करणं ही कारागिराची कसोटी!

या कसोटीवर चीनचीही पहिली अणुपाणबुडी अडखळली होती. त्यांची गोष्ट तर मी एका बैठकीत वाचून काढली. 1958 साली त्यांनी काम हाती घेतलं. रशियानं मदत नाकारली, आणि दहा हजार वर्षं लागली तरी ही पाणबुडी करायचीच, असा माओंनी निर्धार केला. मध्ये पैशांअभावी काम थांबलं, 1965 साली पुन्हा सुरू झालं. हुआंग शुहुआ नावाचे अभियंते आणि त्यांचे सोबती मणी सरकवायच्या गणनपाटीवर, अबॅकसवर, हिशोब करत होते. अमेरिकी पाणबुडीचं एक खेळण्यातलं मॉडेल हाती लागलं, तर त्यांनी ते सुटं करून आपल्या आराखड्याशी ताडून पाहिलं, असं सांगतात. हुलुदाओच्या गोदीत बांधलेली पहिली ‘हान’ वर्गाची पाणबुडी 26 डिसेंबर 1970 रोजी पाण्यात उतरली आणि 1974 मध्ये नौदलात आली. ती चांगलीच गोंगाटी होती, पण होती त्यांची स्वतःची. हुआंग तीस वर्षं घरी गेले नाहीत, काय काम करतो हे आईवडिलांना कळू दिलं नाही. वडील तर न कळताच गेले. 1988 साली दक्षिण चिनी समुद्रात तीनशे मीटर खोलीची चाचणी झाली, तेव्हा वयाच्या बासष्टाव्या वर्षी हे गृहस्थ स्वतः पाणबुडीत बसून खाली गेले. आपण काढलेल्या आराखड्यावर एवढा विश्वास! 2025 च्या फेब्रुवारीत ते वारले.

आता पुन्हा आपल्या रेल्वेमार्गावर या. सातारा रोडवरून गाडी कराड सोडून पुढं आली की लागतं किर्लोस्करवाडी. 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या निवडुंगानं भरलेल्या माळावर हा कारखाना वसवला. नांगरापासून सुरुवात, पुढं पंप. आणि अणुभट्टीत पंप म्हणजे काय चीज असते! भट्टीतून उष्णता काढून नेणारा प्रवाह थांबला की सगळंच धोक्यात. कल्पाक्कमच्या जलद प्रजनक अणुभट्टीत पाण्याऐवजी वितळलेलं सोडियम फिरतं. ते फिरवणारे पंप किर्लोस्कर ब्रदर्सनं केले. ‘विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका 2022 साली नौदलात आली, तिला यंत्रसामग्री देणाऱ्यांच्या यादीतही किर्लोस्करांचं नाव आहे. आणि योगायोग पाहा, ‘अरिहंत’च्या भट्टीचा जमिनीवरचा नमुनाही आधी कल्पाक्कमलाच चालवून पाहिला होता. जलावतरणाच्या वेळी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होते आपले अनिल काकोडकर.

गाडी सांगलीला पोचली की आणखी एक धागा हाती येतो. 1947 साली सुरू झालेल्या इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला पुढं नाव मिळालं वालचंदनगरच्याच वालचंद हिराचंद यांचं. सोलापूरच्या या माणसानं सिंदिया ही जहाज कंपनी उभी केली. तिचं ‘लॉयल्टी’ जहाज 5 एप्रिल 1919 रोजी मुंबईहून निघालं, म्हणून आपण त्या दिवशी राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. 1941 साली त्यांनी विशाखापट्टणमला जहाजबांधणीची गोदी सुरू केली. 1948 साली तिथं ‘जलउषा’ पाण्यात सोडायला पंडित नेहरू आले होते. ज्या शहरात वालचंदांनी पहिली गोदी घातली, त्याच शहरात अडुसष्ट वर्षांनी वालचंदनगरची टर्बाइन पोटात घेऊन ‘अरिहंत’ उभी राहिली. 2016 साली ती नौदलात आली, 2018 साली पहिली गस्त पुरी केली, 2024 च्या ऑगस्टमध्ये तिची धाकटी बहीण ‘अरिघात’ दाखल झाली. कुणी कादंबरीत घातलं असतं तर ओढूनताणून जुळवलंय म्हणून मी पान उलटलं असतं!

मला यातून जे दिसलं ते आता डोक्यातून जात नाही. पाणबुडी गुप्त असते, पण ती करणारं कसब गुप्त नसतं. ओतकाम, वेल्डिंग, गिअरचे दात, न गळणारा पंप, हे सगळं उघड्या कारखान्यांत, नांगर आणि साखरेच्या धंद्यात वर्षानुवर्षं पिकतं आणि मग एक दिवस समुद्राखाली जातं. चीननं हे ओळखलं. आज जगात बांधल्या जाणाऱ्या व्यापारी जहाजांचा निम्म्याहून जास्त टनभार त्यांच्या गोद्यांत तयार होतो. आपला वाटा एक टक्काही नाही. मालवाहू जहाजं बांधणारे हात हजारोंनी असले की त्यांतून पाणबुडी बांधणारे शेकड्यांनी निवडता येतात.

म्हणून साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या आयटीआयमध्ये लेथवर उभ्या असलेल्या पोरानं उद्या ‘मला अणुपाणबुडीचा गिअर करायचाय’ असं म्हटलं, तर त्याला हसू नका. त्याला एवढंच विचारा, आवाज किती येईल रे त्याचा?