दास मारुती, प्रताप मारुती

महाराष्ट्रात मारुतीचे देऊळ नसलेले गाव शोधूनच काढावे लागते. शेंदराची पुटे चढून नाकडोळे बुजलेला हा वेशीजवळचा देव मराठी माणसाला जन्मभर भेटतो. प्रत्येक वयात त्याच्याकडचे मागणे मात्र बदलते.

लहानपणी भीती घालवायची असते. तिन्हीसांजेला शुभंकरोतीपाठोपाठ समर्थ रामदासांचे भीमरूपी स्तोत्र म्हटले जाते. या देवाला भुते घाबरतात, एवढा अर्थ मुलाला पुरतो. मिसरूड फुटल्यावर तो तालमीत भेटतो. आधी त्याला हात जोडायचे, मग लाल मातीत उतरून शड्डू ठोकायचा. मारुती ब्रह्मचारी, तरी लग्नाला निघालेला नवरदेव पहिल्यांदा त्याच्याच पाया पडतो आणि यात कोणालाही विसंगती वाटत नाही. पुढे साडेसातीत शनिवारचे तेल आणि रुईच्या पानांची माळ सुरू होते. उतारवयात मागणेही आटते. देवळाच्या ओट्यावर पोथी ऐकायला येणे तेवढे उरते.

या सगळ्यात मारुतीचे बळच डोळ्यांत भरते. रामायणात तो आधी ओळखला जातो तो बोलण्यावरून. किष्किंधाकांडात भिक्षूच्या वेषात आलेल्या मारुतीची निर्दोष, नेमकी भाषा ऐकून राम प्रसन्न होतो. समुद्रकाठी इतर वानर आपापल्या उडीचा अंदाज सांगत असतात, तेव्हा हा गप्प बसलेला असतो. जांबवंताने आठवण दिल्यावर तो उठतो. या विस्मरणाचे कारण उत्तरकांड ऋषींच्या शापात सांगते: पोरवयात त्याने आश्रमांत फार धुडगूस घातला होता. म्हणजे विनयसुद्धा त्याला आयता मिळालेला नाही. अशोकवनातला प्रसंग तर समुद्रावरच्या उड्डाणाहून मोठा मानावा असा. सीतेला पाठीवर बसवून नेण्याची तयारी तो दाखवतो. रामानेच येऊन सोडवावे, असे ती म्हणते. अंगी बळ असून तो हट्ट धरत नाही, चूडामणी घेऊन परततो. भक्ती इथे पराक्रमाला लगाम घालते.

समर्थांनी (१६०८–१६८१) हेच चाफळला दगडात मांडले. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत पसरलेल्या त्यांच्या अकरा मारुतींपैकी दोन या एकाच गावात आहेत. दास मारुती रामासमोर हात जोडून उभा आहे. पायाखाली राक्षस दाबलेला प्रताप मारुती राममंदिराच्या मागे आहे. दास पुढे आणि प्रताप मागे, ही मांडणी सहज झालेली वाटत नाही.