‘डिफेक्ट’ नेमका कुणात आहे?

आपल्या जुन्नर-आंबेगावात ‘डिफेक्ट’ हा शब्द शाळेत न गेलेल्या आजीलाही माहीत आहे. विजेचे मीटर जास्त पळाले की ‘मीटरमध्ये डिफेक्ट आहे’. मंचरच्या बाजारातून आणलेला पार्ट चालला नाही की ‘पीस डिफेक्टिव्ह निघाला’. आपल्यासाठी या शब्दाचा अर्थ एवढाच आहे: खोट, दोष. पण इंग्रजीत याच शब्दाला दुसरा अर्थही आहे. आपला पक्ष किंवा आपली बाजू सोडून समोरच्याला जाऊन मिळणे म्हणजेही ‘डिफेक्ट’ करणे. पक्षांतरबंदी कायद्याचे इंग्रजी नाव त्यावरूनच पडले. ज्या लॅटिन क्रियापदातून हा शब्द आला, त्यातच कमी पडणे आणि साथ सोडणे हे दोन्ही अर्थ होते.

ही गोष्ट एकट्या इंग्रजीची नाही. आपला ‘फितूर’ शब्द पाहा. तो अरबी-फारसीतून आला आणि तिथे त्याचा अर्थ ढिलेपणा, कमजोरी, दोष असा होता. मराठीत येता येता तो शत्रूला सामील होणाऱ्याला चिकटला. म्हणजे सोडून जाणारा तोच खोटा, हे भाषेनेच ठरवून टाकले. त्याने जे घर सोडले त्या घरात खोट होती का, हे मग कुणी विचारत नाही. माझा वाद इथे आहे.

आधी सत्तेकडे पाहू. १९८५ साली ५२व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आले. तेव्हा एक तृतीयांश आमदार फुटले तर ती ‘फूट’ मानून त्यांना माफ होते. २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने ही पळवाट बंद झाली, पण दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची सवलत राहिली. एकटा गेला तर दोषी, घोळक्याने गेले तर विलीनीकरण! निकाल देणार विधानसभेचे अध्यक्ष. आंबेगावचे आमदार दिलीप वळसे पाटील २००९ ते २०१४ त्या खुर्चीवर होते. २ जुलै २०२३ रोजी अजित पवारांबरोबर मंत्रिपदाची शपथ घेणाऱ्यांतही ते होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेव्हाच्या अध्यक्षांनी राष्ट्रवादीच्या दोन्ही गटांपैकी कुणालाच अपात्र ठरवले नाही. जुन्नरचे शरद सोनवणे २०१४ मध्ये मनसेचे आमदार होते, २०१९ मध्ये शिवसेनेचे उमेदवार झाले आणि २०२४ मध्ये अपक्ष म्हणून निवडून आले. मतदाराने प्रत्येक वेळी नवे चिन्ह पाठ करायचे. एवढी ये-जा होऊनही कायद्याच्या कागदावर दोष कुणाचाच नाही.

आता आपल्याकडे वळू. ‘धर्मांतर’ आणि ‘पक्षांतर’ या दोन्ही शब्दांत ‘अंतर’ आहे, म्हणून काही लोक मुद्दाम दोन्ही एकाच पारड्यात टाकतात. ‘तुम्हीही सोडूनच गेलात ना?’ असे आम्हाला चहाच्या टपरीवर ऐकवले जाते. उत्तर इतिहासात आहे. बाबासाहेबांनी १९२७ ला महाडचे पाणी मागितले, १९३० ला काळाराम मंदिराचे दार ठोठावले. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात जाहीरपणे सांगितले की मी हिंदू म्हणून मरणार नाही. त्यानंतर २१ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षा घेतली. रात्रीतून हॉटेल गाठलेल्या माणसाची ही चाल आहे का? १९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडल्यावर त्यांनी कायदामंत्रिपद सोडले आणि कारणे लेखी मांडली. पुढच्या निवडणुकीत मुंबईत पराभव पत्करला. त्यांनी खुर्ची सोडली. आजचे लोक खुर्चीसाठी सोडतात.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये बाबासाहेबांनी सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे जे कारण दिले आहे तेही तपासा. म्हातारा, रोगी, प्रेत ही कथा त्यांना पटली नाही. त्यांच्या मांडणीत रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय भिडतात. पाण्याचे भांडण काय असते हे कुकडी आणि घोडच्या खोऱ्यातल्या माणसाला सांगावे लागत नाही. सिद्धार्थ शाक्य संघात उभा राहून युद्धाला विरोध करतो आणि मतदानात हरतो. पण तो कोलियांना जाऊन मिळत नाही. कुटुंबाला शिक्षा नको म्हणून स्वतः परिव्राजक होतो. आधी बोलला, मग सोडले आणि किंमत स्वतः मोजली.

मित्रांनो, हीच फूटपट्टी आपल्या चळवळीलाही लावा. ३ ऑक्टोबर १९५७ ला रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. काही वर्षांतच बी. सी. कांबळे यांचा गट ‘दुरुस्त’ आणि दादासाहेब गायकवाड यांचा गट ‘नादुरुस्त’ म्हणून ओळखला जाऊ लागला. नादुरुस्त म्हणजे मराठीतला ‘डिफेक्टिव्ह’च! भूमिहीनांचा सत्याग्रह उभा करणाऱ्या नेत्याच्या गटालाही हा शब्द चिकटला. तेव्हापासून आपण एकमेकांना हीच चिठ्ठी लावत आलो आहोत.

वस्त्यांत काम करताना मी हे दरवर्षी पाहतो. जयंतीच्या वर्गणीचा हिशेब मागणारा पोरगा ‘फुटीर’ ठरतो. ‘स्वयंपाक आम्ही करायचा, मग माईक आमच्या हातात का नाही?’ असे विचारणारी ताई ‘समाज फोडते’. दोघे बाहेर पडतात, पुढच्या एप्रिलमध्ये एका वस्तीत दोन जयंत्या होतात आणि आम्ही त्या पोरांना दोष देतो. हिशेबाची वही मात्र कुणी उघडत नाही.

म्हणून कुणालाही गद्दार म्हणण्याआधी तीन प्रश्न विचारा. जाण्याआधी तो आत उभा राहून बोलला का? जाताना त्याने काय गमावले? आणि गेला तो सत्तेकडे की माणसांकडे? तिन्ही उत्तरे नीट असतील तर तो माणूस फुटलेला नाही. खोट आपल्या घरात आहे आणि ती दुरुस्त करणे आपले काम आहे. येत्या जयंतीची पहिली बैठक गेल्या वर्षीच्या हिशेबाने सुरू करा आणि जे सोडून गेले त्यांना त्या बैठकीचे पहिले निमंत्रण द्या.

जय भीम!