बुऱ्हाणपूरची सराई आणि अखेरचा मुक्काम

भुसावळ सोडून खंडव्याकडे निघालेली आगगाडी सावदा, निंभोरा, रावेर अशी स्टेशने मागे टाकू लागली की दोन्ही बाजूंस केळीच्या बागांवाचून दुसरे काही दिसेनासे होते. रावेरच्या पुढे राज्य बदलते. भाषा मात्र तितक्या लवकर बदलत नाही. बुऱ्हाणपूरच्या बाजारात आम्ही हिंदीत भाव विचारावा आणि दुकानदाराने आमची बोली ओळखून मराठीत उत्तर द्यावे, असे दोन-तीनदा घडले. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही राजधानी. संत बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावावरून तिचे नाव पडले, १६०१ साली अकबराने खानदेश घेतल्यावर ती मोगलांकडे गेली, आणि २००३ साली मध्य प्रदेशात तिचा स्वतंत्र जिल्हा झाला. येथील जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे, हे पाहून आम्हांस कौतुक वाटले. माव्याच्या जिलेबीविषयी लिहू लागलो तर लेख तेथेच संपेल; म्हणून पुढे जातो.

या शहरात आमचे मन गुंतले ते दोन जागांपाशी. पहिली जागा म्हणजे अकबरी सराई. जहाँगीर बादशहाच्या अमदानीत, अब्दुल रहीम खानखाना येथे सुभेदार असताना, वाटसरूंसाठी ही सराई बांधली गेली. मधोमध विस्तीर्ण अंगण आणि कडेने ओळीने खोल्या, अशी तिची मांडणी आहे. दक्षिणेकडून उत्तरेस जाणारे व्यापारी, यात्रेकरू, शिपाई असल्या ठिकाणी रात्र काढीत. ही सराई उभी राहण्यापूर्वी, १६१५ च्या नोव्हेंबरात, इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो हा बुऱ्हाणपुरास आला होता. त्याला उतरायला दिलेल्या खोल्या भट्टीसारख्या होत्या, अशी तक्रार त्याने आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. त्यातच तो बिचारा तापाने आजारी पडला. परमुलखात आजारी पडलेल्या माणसाला निवारा कसा मिळतो, यावर त्याचे सारे सुखदुःख अवलंबून असते. मग तो राजाचा वकील का असेना.

वाचकहो, ‘हॉस्पिस’ हा शब्द अलीकडे आपल्या कानांवर येतो. तो ऐकला की ‘मरणाऱ्यांना नेऊन टाकण्याचे घर’ अशी कल्पना पुष्कळांच्या मनात उभी राहते. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ पाहू गेले तर तो पाहुणचाराचा आहे. यात्रेकरूंना आसरा देणाऱ्या मठांच्या धर्मशाळांना युरोपात हे नाव होते. आल्प्स पर्वताच्या बर्फाळ खिंडीत संत बर्नार्ड यांनी अकराव्या शतकात काढलेली धर्मशाळा प्रसिद्धच आहे. पुढे आयर्लंडातील धर्मभगिनींनी १८७९ साली डब्लिन शहरी मरणासन्न गोरगरिबांसाठी असे घर उघडले. १९५२ साली मदर तेरेसांनी कोलकात्यास कालीघाटात तेच केले. लंडनमध्ये सिसिली साँडर्स या डॉक्टरीणबाईंनी १९६७ साली संत ख्रिस्तोफरच्या नावाने जे हॉस्पिस काढले, त्यात वेदनाशमनाच्या शास्त्राची जोड या दयाकार्याला मिळाली. आपल्या देशातले पहिले हॉस्पिस १९८६ साली मुंबईत, बांद्र्यास मोत माउलीच्या देवळाजवळ, ‘शांती अवेदना सदन’ या नावाने सुरू झाले. मोत माउलीच्या यात्रेस जाणाऱ्या आपल्या किती कुटुंबांना त्याची माहिती असेल, कोण जाणे. म्हणजे हॉस्पिस ही एक प्रकारची सराईच होय. फक्त वाटसरूचा तेथला मुक्काम अखेरचा असतो.

दुसरी जागा तापीच्या पलीकडे, झैनाबादेस. तेथील आहुखान्याच्या बागेत मुमताज महल हिला प्रथम पुरले होते. चौदाव्या अपत्याच्या जन्माच्या वेळी, १७ जून १६३१ रोजी, ती याच शहरी मरण पावली. सहा महिन्यांनी तिचा देह आग्र्यास नेला आणि पुढे तेथे ताजमहाल उभा राहिला. जग तो पाहण्यास जाते. पण जेथे ती बाई वेणा सोसत पडली होती, जेथे तिची माणसे रात्रभर जागली असतील, ते गाव हे. येथे येणारा प्रवासी विरळा. आम्ही तेथे उभे असताना मनात आले की आपणही पुष्कळदा असेच करतो. मरणानंतर बँड, फुले, संगमरवरी क्रूस, गावजेवण यांसाठी कर्ज काढतो. आणि मरणापूर्वीची दोन-तीन वर्षे जी म्हातारी मागच्या खोलीत पडून होती, तिच्यापाशी बसायला घरात कोणाला सवड नसते. हे बोल कठोर वाटतील, पण आम्ही ते मागे घेत नाही.

याच शहरात आमच्या ओळखीचे एक कुटुंब राहते. मूळचे नगरकडचे, घरातील वडील रेल्वेच्या नोकरीमुळे इकडे आले आणि इकडचेच झाले. त्यांच्या आजीबाईंना स्मृतिभ्रंश आहे. आपल्याकडे याला ‘म्हातारचळ’ म्हणून हसण्यावारी नेतात. कोणी वेड म्हणतात, कोणी करणी. वास्तविक तो मेंदूचा रोग आहे. त्याचा जो प्रकार सर्वांत अधिक आढळतो, त्याचे वर्णन आलॉइस अल्झायमर या जर्मन डॉक्टरांनी १९०६ सालीच केले होते. आरंभी आजीबाई चुलीवर ठेवलेले दूध विसरत. नंतर संध्याकाळ झाली की दाराशी येऊन “मला घरी जायचंय” असा हट्ट धरू लागल्या. “आई, हेच तर तुमचं घर,” असे मुलगा समजावी, तेव्हा त्या रडत. सुनेला मात्र युक्ती सापडली. ती त्यांचा हात धरून अंगणाला फेरी घाली आणि पुन्हा दाराशी आणून म्हणे, “आलो बघा, आई, घरी.” तेवढ्याने त्या शांत होत. वाद घालून स्मृती परत येत नाही, ही गोष्ट या बाईंना कोणी शिकविली नव्हती.

आता त्या अंथरुणावर आहेत. बोलणे दोन-चार शब्दांवर आले आहे, उठून बसवत नाही, घास गिळताना ठसका लागतो. गेल्या पावसाळ्यात फुप्फुसात कफ साठला, तेव्हा दूरच्या एका मोठ्या इस्पितळात त्यांना नेले. तेथे अनोळखी खोली, अनोळखी चेहरे. त्या भेदरून नळ्या उपटू लागल्या, म्हणून त्यांचे हात बांधावे लागले. घरी आणल्यावर पुढचा प्रश्न उभा राहिला. नाकातून नळी घालून अन्न द्यावे काय? न घातली तर आपण आईला उपाशी मारले असे होईल काय? मुलाची झोप या प्रश्नाने उडाली होती. तो आम्हांलाही त्याने विचारला, आणि त्यासाठीच हा लेख लिहावा असे वाटले.

पुष्कळ कुटुंबांना हे कोणी सांगतच नाही की स्मृतिभ्रंश हा केवळ विसरण्याचा रोग नसून तो अखेरीस प्राण घेणारा रोग आहे. मेंदू हळूहळू चालणे विसरतो, मग बसणे, मग गिळणे. त्या टप्प्यावर भूक मंदावते, ती रोगामुळे. घरच्यांच्या हयगयीमुळे नव्हे. अशा रुग्णास नळीने अन्न दिल्याने आयुष्य वाढते किंवा फुप्फुसाचा विकार टळतो असे आढळलेले नाही, म्हणून वृद्धांच्या रोगांचे जाणकार डॉक्टर हातानेच भरविण्याचा सल्ला देतात. पाठीला आधार देऊन सरळ बसवावे, मऊ घास लहान चमच्याने द्यावा, पहिला गिळल्याखेरीज दुसरा देऊ नये, तोंड मिटले की थांबावे. ओठ कोरडे पडले तर ओल्या फडक्याने टिपावेत. दर दोन तासांनी कूस बदलावी, म्हणजे पाठीला जखमा होत नाहीत. दुखते आहे हे रुग्ण सांगू शकत नाही. कपाळावरच्या आठ्या, कण्हणे, अंग चोरणे यांवरून ते ओळखावे लागते, आणि दुखण्यावर औषध डॉक्टरांकडून मागून घ्यावे लागते. मॉर्फिनचे नाव काढताच लोक बिचकतात. योग्य मात्रेत, जाणत्या डॉक्टरांच्या हातून दिलेले ते औषध वेदनेने तळमळणाऱ्यासाठी मोठा दिलासा आहे. १९८५ च्या कायद्याने ते मिळणे दुरापास्त झाले होते, ती अडचण २०१४ च्या दुरुस्तीने पुष्कळ कमी केली.

पण आपला धर्म यास संमती देतो काय? पोप बारावे पायस यांनी १९५७ साली डॉक्टरांपुढे या विषयाचा खुलासा केला. असह्य वेदना शमविण्यासाठी औषध देणे, मरण हा हेतू नसताना, योग्य आहे. आणि रुग्णाला व कुटुंबाला न पेलणारे असाधारण उपचार करीतच राहिले पाहिजे असे बंधन नाही. ख्रिस्तसभेची धर्मशिकवण आजही तेच सांगते. मरण घडवून आणणे हे पाप. येऊ घातलेल्या मरणाला अट्टहासाने अडवीत न बसणे हे पाप नव्हे. अन्नपाण्याची गोष्ट मात्र वेगळी. ते माणसाचे साधे देणे आहे आणि शरीर ते स्वीकारते तोवर दिलेच पाहिजे. ते शरीराला लागेनासे झाले, किंवा ते देण्याच्या रीतीनेच भारी क्लेश होऊ लागले, तर लादण्याचे बंधन राहात नाही. धर्मगुरूंनी घरी येऊन हे समजावून सांगितले तेव्हा मुलाचा जीव खाली पडला. आजीबाईंना रुग्णाभ्यंगाचा साक्रामेंतही दिला. त्यांना कळत नाही, मग उपयोग काय, अशी शंका शेजारच्या एकाने काढली. शुद्धीवर असताना ज्याने तो मागितला असता अशा श्रद्धावंताला तो द्यावा, असाच ख्रिस्तसभेचा नियम आहे. आणि कळत नाही असे तरी कसे म्हणावे? सुनेने ‘नमो मरिया’ म्हणायला आरंभ करताच आजीबाईंचे ओठ हलू लागले. स्वतःच्या मुलाचे नाव विसरलेल्या त्या बाई ‘आमेन’ मात्र नेमक्या जागी म्हणाल्या. बुऱ्हाणपुरास खानखानाच्या काळापासून जमिनीखालून वाहणारे कुंडी भंडाऱ्याचे पाणी आम्ही आदल्या दिवशी पाहिले होते. त्याची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

अडचण एवढीच की स्मृतिभ्रंशाच्या रुग्णासाठी हॉस्पिस शोधू गेले तर सहसा मिळत नाही. बांद्र्याचे सदनही कर्करोग्यांसाठी आहे. शिवाय या रोगाचा शेवट कधी येईल हे सांगता येत नाही. महिने म्हणता वर्षे लोटतात. म्हणून आपल्या गावांत घर हेच हॉस्पिस व्हावयास हवे, आणि घरातल्या एकट्या सुनेच्या किंवा मुलीच्या खांद्यावर ते टाकून चालणार नाही. केरळात शेजारपाजारच्या लोकांनीच प्रशिक्षण घेऊन अशा रुग्णांच्या घरी जाण्याची पद्धत रुजविली आहे. गोव्यात तर याची रीतसर परीक्षा झाली. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या ८१ कुटुंबांचा तेथे अभ्यास केला गेला. त्यांपैकी निम्म्यांच्या घरी साध्या, थोडे शिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या सहा महिने जात राहिल्या. रोग समजावून सांगत, काळजी कशी घ्यावी ते दाखवीत. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत, सेवा करणाऱ्या माणसांच्या मनावरचा ताण त्यामुळे हलका झाल्याचे दिसले. आपल्या धर्मग्रामांत महिला मंडळे आहेत, संत विन्सेंट डी पॉल यांचा संघ आहे, युवक आहेत. आठवड्यातून दोन तास एखाद्या आजीपाशी बसणे हे त्यांच्या आवाक्याबाहेरचे काम नाही.

बुऱ्हाणपूरच्या त्या घरी आम्ही सुनेला विचारले, “ताई, तुम्ही रविवारी मिस्सेला कशा जाता?” त्यांनी समोरच्या घराकडे बोट दाखविले. तेथे एक मुसलमान विणकर कुटुंब राहते. घरातल्या खाला रविवारी सकाळी आपले काम बाजूला ठेवून येतात, आजीबाईंचा हात हातात घेऊन दीड तास बसतात आणि त्यांना चमच्याने चहा पाजतात. आजीबाई त्यांना आपली थोरली बहीण समजतात, आणि खालाही त्यांना तसे समजू देतात.