चाकावरच्या बिऱ्हाडाचा हिशेब

दसरा उलटला की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली गावं विरळ व्हायला लागतात. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, केज, आष्टी, कुठल्याही तालुक्याच्या वाटेवर उभं राहावं, ट्रॉलीत घर चढताना दिसतं. तळाला ज्वारी-बाजरीची पोती, त्यावर पत्र्याची पेटी, चूल, सरपण, पाण्याचे ड्रम, ताडपत्री, बांबू, एका कडेला बांधलेली शेळी, कोंबड्यांचं खुराडं आणि या सगळ्याच्या वर माणसं. पुढचे चार-पाच महिने हे बिऱ्हाड उसाच्या फडामागे फिरणार. एका फडावरची तोड संपली की बांबू-ताडपत्रीची कोपी मोडायची, सामान चढवायचं, पुढच्या फडावर उतरवायचं. इकडे शहरातल्या काही मंडळींना अलीकडे मोटारहोमची भुरळ पडली आहे. घरभाडं नाही, कर्जाचा हप्ता नाही, खिडकीत रोज नवा डोंगर. चाकावर राहणं स्वस्त पडतं, असा त्यांचा हिशेब. बीड जिल्ह्याने हा हिशेब कित्येक पिढ्या करून पाहिला आहे आणि त्याचं उत्तर वेगळं येतं. घराला चाकं लावली की खर्च फक्त नजरेआड जातो. तो कुणाच्या नावावर टाकायचा, हे ज्याच्या हातात असतं त्याला ते घर स्वस्त पडतं.

सुरुवात पैशापासूनच करू. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. या कोयत्याला मजूर पुरवणारा मुकादम निघण्याआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो. ती लाखाची धरू; याहून कमी-जास्तही असते. जानेवारी 2024 च्या तडजोडीत तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनाला 366 रुपये झाला. म्हणजे लाखाची उचल फेडायला सुमारे 273 टन ऊस तोडायचा. जोडीने दिवसाला दोन टन तोडला, तर 136-137 दिवस. पावसाने गाळप लांबलं, ऊस कमी निघाला, कारखान्याचा पट्टा लवकर पडला म्हणजे गाळप बंद झालं, तर ‘बाकी’ अंगावर राहते आणि पुढच्या हंगामाला जाण्याचा निर्णय याच हंगामात होऊन बसतो. एखादा दिवस आजारपणात गेला तर खाडा, आणि खाड्याची रक्कम वेगळी कापली जाते. बैलं स्वतःची असली तरी टायरगाडी बहुधा कारखान्याची, तिचं भाडं हिशेबात. मोटारहोमवाला आधी पैसे साठवतो आणि मग गाडी घेतो. इथे माणूस आधी खर्च होऊन जातो, लग्नात, दवाखान्यात, बोअरच्या कोरड्या भोकात, आणि मग गाडीत बसतो.

आता ही गाडी थांबते कुठे ते पाहू, कारण फिरत्या घराची खरी किंमत थांब्यावर ठरते. अमेरिकेत रेड रिव्हर नदीच्या खोऱ्यात दर शरदात साखरेच्या बिटाची काढणी होते आणि तिथेही गाडीत राहणारी माणसं कामाला येतात. जेसिका ब्रूडर यांच्या 2017 च्या ‘नोमॅडलँड’ या पुस्तकात या काढणीचा उल्लेख आहे. काम अंगमोड करणारं, माणसं बरीचशी उतारवयातली. त्यात हेवा वाटावा असं काही नाही. पण साखर कंपनी या गाड्यांना जागा देते, वीज-पाण्याची जोडणी देते. आपल्याकडेही 2021 मध्ये राज्याने कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्यातल्या कॅराव्हॅन पार्कमध्ये पाणी, रस्ता, वीज असावी हे कुणाला पटवून द्यावं लागलं नाही. फडाकडेची कोपी मात्र अशा पार्कात कधी उभी राहिली नाही. बांबूच्या कमानीवर ताडपत्री, आत शिरताना कंबरेत वाकावं लागतं, खाली पाचटाचा थर. पाणी कालव्याचं किंवा शेतकऱ्याच्या मेहरबानीने त्याच्या विहिरीचं. बाया अंधार असतानाच उठतात, कारण उजेडात आडोसा नसतो. स्वयंपाक उरकून फडात, मग दिवसभर वाकून तोडणी, मोळ्या बांधणी, आणि मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढणं. गाडी रात्री आली तर रात्री.

या आडोसा नसण्याचा आकडा सरकारदरबारी आहे. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली 2019 मध्ये नेमलेल्या समितीपुढे बीडच्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी आली. त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. सहा जणींत एक. कारणं गुंतागुंतीची आहेत: लहान वयातली लग्नं आणि बाळंतपणं, संसर्ग, कर्करोगाची भीती घालणारे दवाखाने. पण पाळीच्या दिवसांत ना न्हाणीघर, ना सुट्टी, आणि खाडा परवडत नाही, ही परिस्थिती या सगळ्याखाली अंथरलेली आहे. घरभाडं वाचलं म्हणायचं, तर ते इथे भरलं गेलं.

कुणी म्हणेल, जबरदस्ती कुणी केली? गावात राहिले असते तर लाखाची रक्कम एका हाती कधी दिसली असती? प्रश्न रास्त आहे. कोरडवाहू तीन एकरांत एवढे पैसे एकरकमी येत नाहीत, आणि हे लोक हिशेबाला कच्चे नाहीत. पण निवड करायची तर दुसरा पर्याय समोर असावा लागतो, आणि एकदा उचल घेतल्यावर माघार घेता यायला हवी. ज्या कराराची रक्कम आधीच खर्चून गेली तो मोडता येत नाही. दुसरा आक्षेप योजनांचा. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने महामंडळ आहे, 2021 मध्ये संत भगवानबाबांच्या नावाने 41 तालुक्यांत 82 वसतिगृहांची योजना आली, हंगामी वसतिगृहं त्याआधीची. ही सोय चांगलीच, कारण पोराची शाळा ट्रॉलीत चढवता येत नाही. पण वसतिगृह गावाकडचं अर्धं घर सांभाळतं. फडावर गेलेलं अर्धं तसंच राहतं, आणि तान्हं मूल तर आईबरोबर त्या अर्ध्यातच असतं. आपल्या व्यवस्थेला उंबरा लागतो. आशाताईची वही, अंगणवाडी, मतदारयादी, सगळं उंबऱ्याला बांधलेलं. 2024 मध्ये गाळप सुरू करण्याची तारीख 15 नोव्हेंबर ठरली आणि विधानसभेचं मतदान 20 तारखेला, म्हणजे बिऱ्हाड फडावर असताना. ज्या जिल्ह्याचं राजकारण ऊसतोड्यांच्या नावावर चालतं, तिथल्या ऊसतोड्याला ही तारखांची गंमत वेगळी समजावून सांगायला नको.

तिसरा आक्षेप हार्वेस्टरचा: यंत्र येतंय, प्रश्न आपोआप मिटेल. यंत्राने माणूस मिटेल, बाकी मिटणार नाही. शिवाय लहान, तुकड्यातुकड्यांच्या शेतात, ओल्या रानात यंत्र शिरत नाही. तिथे कोयता अजून बरीच वर्षं लागणार. तेवढ्या वर्षांचं बोलू. टनाला साधारण शंभर किलो साखर निघते, म्हणजे किलोभर साखरेत तोडणाऱ्या जोडीचे साडेतीन-पावणेचार रुपये. त्यात राहण्याचा म्हणून एक रुपया घातला, तर 273 टनांमागे एका कोयत्याच्या वाट्याला 27 हजार येतात. दहा कोयत्यांच्या टोळीमागे पावणेतीन लाख: पत्र्याची न्हाणीघरं, फिरती शौचालयं, सौरदिवे, पाण्याचा टँकर. उसाच्या बिलातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतोच. त्याच कागदावर निवाऱ्याची एक ओळ वाढवायची. साखर महागेल, अशी ओरड होईल. चहात दोन चमचे घालणाऱ्याला महिन्याकाठी एक-दोन रुपये जास्त पडतील.