खुणेचा रुमाल

दिवसभर संगणकासमोर बसून पोट भरणाऱ्या माणसाने शनिवारी पहाटे उठून डोंगरात धावायला जावे, याचे आमच्या आळीतील मंडळींना फार नवल वाटते. ‘मागे कोणी लागले आहे काय?’ असा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो आणि आम्हीही हसून वेळ मारून नेतो. परंतु एकदा डोंगरात धावताना आमच्या मागे खरोखरच कोणीतरी होते आणि त्याचे भान आम्हाला राहिले नव्हते. ती हकीकत सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच.

आमचा व्यवसाय संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा. सकाळी वसईहून लोकल गाठायची, अंधेरीच्या कचेरीत नऊ-दहा तास पडद्याकडे टक लावून बसायचे आणि रात्री पुन्हा विरार गाडीच्या गर्दीत स्वतःला कोंबून घ्यायचे, हा क्रम वर्षानुवर्षे चालला. या धंद्यात थकते ते डोके; शरीर मात्र बसून बसून गंजते. चाळिशीच्या उंबरठ्यावर डॉक्टरांनी रक्तातील साखरेचा आकडा दाखवला आणि ‘चालायला लागा’ असा हुकूम सोडला. तेव्हा आम्हाला तुंगारेश्वराचा डोंगर आठवला. लहानपणी वाडीत भाजीला पाणी लावताना पूर्वेला त्याची निळी रेघ दिसत असे. २००३ साली हे जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झाले. ओढ्यांची पात्रे ओलांडत जाणाऱ्या तिथल्या रस्त्यावर आम्ही प्रथम चाललो, मग भरभर चालू लागलो आणि एके दिवशी, कसे कोण जाणे, धावू लागलो.

सपाट रस्त्यावर धावणे आणि डोंगरवाटेवर धावणे यांत मोठा फरक आहे. रस्त्यावर पाऊल कोठे पडते याचा विचार करावा लागत नाही. डोंगरात मात्र दगड, मुळे, चिखल आणि सुटी माती असते. प्रत्येक पावलागणिक निर्णय घ्यावा लागतो. चढणीवर जाणकार धावपटूही पुष्कळदा चालतात. त्यात कमीपणा नाही. खरी परीक्षा उतारावर असते. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचे वजन रोखून धरतात. म्हणूनच चढण्याने होत नाही इतके अंग उतरण्याने दुखते आणि दुसऱ्या दिवशी घराचा जिना उतरणेही नकोसे होते. पावले लहान टाकावीत आणि नजर पायाच्या अंगठ्यावर न ठेवता तीन-चार पावले पुढे ठेवावी, हे आम्हाला गुडघे फोडून घेतल्यावरच उमगले.

परंतु आज्ञावली लिहिणाऱ्याला आकड्यांचा मोह सुटत नाही. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा हिशेब मांडला होता: दर तीन मैल वाटचालीस एक तास आणि चढणीच्या दर २,००० फुटांस आणखी एक तास. डोंगरात जाणारे लोक सव्वाशे वर्षांनंतरही वेळेचा अंदाज बांधताना या नियमाचा आधार घेतात. आम्ही तो आज्ञावलीत बसवला. पुढे मनगटावर उपग्रहांकडून जागा ओळखणारे घड्याळ आले आणि प्रत्येक वाटचालीचे मिनिट-सेकंद नोंदले जाऊ लागले. प्रकृतीसाठी सुरू केलेले चालणे हळूहळू स्वतःशीच लावलेली शर्यत होऊन बसले.

खेळांचे वेड मात्र आम्हाला त्याहून जुने. बालपणी विटी-दांडू, लगोरी आणि आट्यापाट्या. कॉलेजात संगणकाशी ओळख झाल्यावर त्यावरचे खेळ. त्यांतील एक खेळ मनात घर करून राहिला, कारण त्यात चित्र नाही, आवाज नाही, गोळीबार नाही. पडद्यावर केवळ अक्षरे उमटतात: आपण एका रस्त्याच्या टोकाला उभे आहोत, पलीकडे विटांची लहानशी इमारत आहे. आपण एक-दोन शब्दांत आज्ञा द्यायची आणि पायरीपायरीने जमिनीखालच्या एका अफाट गुहेत शिरायचे. ‘कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर’ हे त्याचे नाव.

या खेळाची जन्मकथा आम्हाला खेळाइतकीच प्रिय आहे. विल्यम क्राउदर हा अमेरिकेतील आज्ञावलीकार. ज्या अर्पानेटमधून पुढे इंटरनेट उदयास आले, त्याच्या उभारणीत त्याचा हात होता. सुट्टीत मात्र तो आणि त्याची पत्नी पॅट्रिशिया गुहा धुंडाळीत. केंटकी राज्यातील मॅमथ गुहा आणि शेजारची फ्लिंट रिज गुहा आतून जोडलेल्या आहेत हे ९ सप्टेंबर १९७२ रोजी ज्या तुकडीने शोधून काढले, तीत पॅट्रिशिया होती. ही जगातील ज्ञात गुहांमध्ये सर्वांत लांब गुहा. आजवर तिची ४०० मैलांहून अधिक लांबी मोजली गेली आहे. पुढे दुर्दैवाने या दोघांचा संसार मोडला. आपल्या दोन मुलींपासून आपण दुरावत आहोत, ही खंत क्राउदरला जाळू लागली. तेव्हा, १९७५-७६ च्या सुमारास, त्याने आपल्या ओळखीच्या गुहेचा नकाशा डोळ्यांसमोर ठेवून मुलींसाठी हा खेळ फोरट्रान भाषेत लिहिला. मुली भेटीला आल्या की तो खेळत. स्टॅनफर्डमधील डॉन वुड्स या तरुणाच्या हाती पुढे तो खेळ लागला. त्याने क्राउदरची परवानगी घेऊन १९७७ साली त्यात मोठी भर घातली आणि खेळ जगभर पसरला.

हा खेळ आम्ही आमच्या मुलाला तो अकरा वर्षांचा असताना शिकवला. रात्रीची जेवणे उरकली की बापलेक संगणकापुढे बसत असू. नकाशा खेळणाऱ्यानेच काढायचा असतो. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठीवर तो चौकोन आखी आणि बाणांनी दालने जोडी. गुहेत एक चकवा आहे. तिथली सर्व दालने हुबेहूब एकसारखी. कोणत्या दालनात आपण आलो हे कळायला मार्ग नाही. त्या चकव्यात तो आठवडाभर फिरत राहिला. अखेरीस आम्ही त्याला युक्ती सांगितली: प्रत्येक दालनात हातातील एकेक वस्तू टाकत जायचे. पुन्हा ती वस्तू दिसली की समजावे, येथे आपण येऊन गेलो आहोत. ते ऐकून त्याने मारलेली टाळी आमच्या अजून कानांत आहे.

पुढे दोन वर्षांत आमची धाव वाढली आणि त्या रात्री कमी झाल्या. पहाटे धावायचे तर रात्री लवकर निजायला हवे. मुलगा एकदोनदा कागद घेऊन दाराशी आला. ‘उद्या बसू’ असे आम्ही म्हणालो. तो उद्या आला नाही. शेवटी त्यानेच तोडगा काढला. ‘डॅडी, मग मीच येतो तुमच्याबरोबर डोंगरात,’ तो म्हणाला.

म्हणून २०१९ च्या सप्टेंबरात कचेरीतील चार मित्रांसह आम्ही त्याला हरिश्चंद्रगडावर नेले. माळशेज घाट चढून खुबी फाट्याला वळायचे, पिंपळगाव जोगा धरणाच्या बांधावरून खिरेश्वर गाठायचे आणि तेथून तोलार खिंडीतून वर जायचे, असा बेत होता. खिंडीनंतरचा कातळटप्पा त्याने लोखंडी कठडे धरून न घाबरता पार केला. त्यापुढे गडाचे विस्तीर्ण पठार लागते. लहान-मोठ्या टेकाडांमधून वाट वर-खाली होत जाते आणि पावलोपावली तिला फाटे फुटतात. मंदिर पाहिले. केदारेश्वराच्या गुहेत थंडगार पाण्यात उभे राहून, चार खांबांपैकी एकच शाबूत राहिलेल्या त्या शिवलिंगाकडे तो बराच वेळ पाहत होता. ‘आपल्या खेळातल्यासारखी आहे,’ एवढेच तो म्हणाला.

परतताना धुके उतरले. मंदिरापासून खिंडीपर्यंतचे अंतर किती वेळात कापता येते ते पाहावे, अशी आम्हाला हुक्की आली. ‘तू काकांबरोबर सावकाश ये,’ असे मुलाला सांगून आम्ही घड्याळाची कळ दाबली आणि धावत सुटलो. ती धाव उत्तम झाली. खिंडीत पोहोचून आम्ही आकडा पाहिला आणि मनोमन खूश झालो. पाऊण तासाने मित्र उतरून आले. चारच होते.

‘मुलगा कुठे आहे?’ आम्ही विचारले. ‘तुमच्या मागेच धावत गेला ना?’ ते म्हणाले. आमच्या पायांखालची जमीन सरकली. तो त्यांच्याबरोबर आहे असे आम्ही समजत होतो. तो आम्हाला गाठेल असे ते समजत होते. दोन्ही समजुतींच्या मधल्या धुक्यात तेरा वर्षांचे पोर एकटे होते.

आम्ही पुन्हा वर धावलो. या वेळी घड्याळाची आठवण झाली नाही. गडावर आपल्या झोपडीत चहा-पिठले विकणारा खिरेश्वरचा एक तरुण सामान घेऊन वर निघाला होता, तो सोबत आला. ‘वर लई ढोरवाटा हायेत. नवख्या माणसाला गोल फिरवत्यात,’ तो म्हणाला. आमचा धीर आणखीच सुटला. हाका मारल्या, वाऱ्याने त्या परत आमच्याच तोंडावर फेकल्या. डाव्या बाजूच्या एका फाट्यावर तो तरुण थबकला. वाटेच्या मधोमध पाण्याची बाटली उभी करून ठेवली होती. ती आमचीच होती. पुढच्या फाट्यावर दगडाखाली दाबून ठेवलेली टोपी सापडली. तिसऱ्या ठिकाणी कारवीच्या झुडपाला निळा रुमाल बांधलेला होता आणि त्याच्या बुंध्याशी, रेनकोटात गुडघे पोटाशी घेऊन, तो बसला होता.

तो रडला नाही. रडलो ते आम्ही. आमच्या पाठीवर हात ठेवून तोच सांगू लागला, ‘डॅडी, सगळ्या वाटा सारख्याच दिसत होत्या. म्हणून एकेका फाट्यावर एकेक वस्तू ठेवत गेलो. रुमाल दुसऱ्यांदा दिसला, तेव्हा कळलं की मी गोल फिरतोय. मग ठरवलं, आता हलायचं नाही. तुम्ही खुणा बघत येणार हे मला माहीत होतं.’

वाचकहो, डोंगरात जाणाऱ्यांचा एक साधा नियम आहे: सर्वांत सावकाश चालणाऱ्याची चाल, तीच साऱ्या तुकडीची चाल; आणि शेवटचा माणूस दिसेनासा झाला की पुढच्याने थांबायचे. हा नियम आम्हाला ठाऊक नव्हता असे नाही. नवख्यांना तो आम्हीच सांगत असू. नेस्मिथचा हिशेब आम्ही आज्ञावलीत बसवला होता, पण आपल्या मागून कोण येत आहे हे कोणताही हिशेब सांगत नाही. आमच्या धंद्यात चूक झाली तर आदल्या दिवशीची प्रत काढून पुन्हा आरंभ करता येतो. त्या सवयीने आम्हाला निष्काळजी केले होते. पठारावरच्या त्या सव्वा तासाची आदली प्रत कोठेही जपून ठेवलेली नव्हती.

आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ज्या खेळाला आम्ही फुरसतीचा विरंगुळा समजून बाजूला सारले होते, त्यानेच मुलाला थांबायला शिकवले. आणि जे धावणे आम्ही मोठी साधना समजत होतो, त्याने आम्हाला थांबायचे विसरायला लावले. क्राउदरने तो खेळ दुरावणाऱ्या लेकरांपर्यंत पोहोचण्यासाठी लिहिला होता. आम्ही आमच्या लेकरासह एकाच घरात राहून त्याच्यापासून दूर पळत होतो.

घरी आल्यावर मुलगा आईजवळ यातले काही बोलला नाही. आम्हाला वाचवण्याचा त्याचा तो प्रयत्न होता. जेवताना आम्हीच सारे सांगितले. पत्नीने भाताचे पातेले खाली ठेवले, बराच वेळ ती काही बोलली नाही आणि मग तिने मुलाच्या ताटात माशाचा तुकडा वाढला. आमच्या ताटात त्या रात्री आम्हीच वाढून घेतले.

आज तो मुलगा आमच्यापेक्षा वेगाने धावतो. तुंगारेश्वराच्या वाटेवर आम्ही दोघे अजूनही जातो. घड्याळ मनगटावर असते, पण कळ दाबायची राहून जाते. वळणापलीकडे दिसेनासा झाला की तो थांबतो आणि आम्ही धापा टाकत पोहोचेपर्यंत ओढ्यातल्या दगडावर बसून राहतो. प्रश्नपत्रिकांच्या पाठीवरचा तो अपुरा नकाशा आमच्या टेबलाच्या खणात आहे. शनिवारच्या रात्री आता तो पुन्हा बाहेर निघतो. गुहेतील शेवटची काही दालने अजून सापडायची आहेत आणि आम्हाला आता त्याची मुळीच घाई नाही.