कुंभार्ली घाटाच्या माथ्यावर

कऱ्हाडाहून चिपळुणास जातांना हेळवाकपुढें कुंभार्ली घाट लागतो. २०२३ च्या आश्विनांत पुतण्याच्या जुन्या फटफटीवर मागें बसून आम्ही खालचें हिरवें कोंकण पाहत होतों. तोंच पहिल्या वळणावर वेगाची मूठ सोडली तरी मागें फिरेना! चिरंजीवांनीं तत्काळ इंजिन बंद केलें, म्हणून आम्ही वाचलों.

गाडी ढकलीत हेळवाकास आणिली. मिस्त्रींनीं मुठीची तार सोडविली. नळीच्या खालच्या तोंडांतून ठिबकेपर्यंत वरून थेंब थेंब तेल सोडलें. मुठींतील घट्ट झालेलें ग्रीस पुसून नवें लाविलें. मग हँडल दोन्ही बाजूंस पुरतें वळवून मूठ सोडून पाहिली. ती खट्कन मिटली.

“मूठ जड कधींपासून?” त्यांनीं विचारलें.

आषाढापासून! पुतण्या तक्रार करी, आणि आम्ही ‘मनगटास व्यायाम होतो’ म्हणून हंसत असूं. घाट उतरतांना आम्ही गप्पच होतों.