एक रोजची, एक रविवारची

कोल्हापूरच्या माणसाला दोन गोष्टींचा हिशेब विचारू नये. एक मटणाचा आणि दुसरा गाडीचा. पहिल्यात किलोचा भाव तो तोंडपाठ सांगेल, पण खाल्लं किती ते सांगणार नाही. दुसऱ्यात गाडी किती फिरली ते छाती फुगवून सांगेल, पण खर्च किती आला म्हटलं की लगेच हवापाण्याचा विषय काढेल!

त्यात गावासमोरचा आदर्शच असा की काय बोलावं. शाही दसऱ्याला दसरा चौकात छत्रपतींची मेबॅक येते. दुसऱ्या महायुद्धाच्याही आधीची जर्मन गाडी. सोनं लुटायला जमलेली निम्मी पोरं आपट्याची पानं विसरून मोबाइल वर धरून त्या गाडीकडे बघत असतात. एरवी ती आम्हाला रस्त्यावर कुठे दिसत नाही. म्हणजे 'एक गाडी कामाची आणि एक गाडी हौसेची' हा संस्कार आमच्यावर लहानपणापासून झालेला आहे, आमचा काही दोष नाही.

तर मंडळी, या संस्काराला जागून मी गेल्या वर्षी एक जुनी जीप घेतली. अडीच लिटरचं डिझेल इंजिन, नऊ वर्षं वय, आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी आली की आई कुकर लावते. ऑफिसला जायला १२०० सीसीची छोटी गाडी आहेच. जीप फक्त रविवारी. गगनबावडा, राधानगरी, फार तर आंबा घाट आणि संध्याकाळी परत.

जीप दारात आल्यावर आमच्या घरचे विम्याचे काका आले. मी म्हटलं, "काका, आठवड्यातून एकदाच काढणार आहे. निम्म्यात बसवा की."

काका चहात बिस्किट बुडवत म्हणाले, "बाळा, कायद्याला तुझा रविवार कळत नाही. त्याला सीसी कळतो."

झालं! त्या एका वाक्यापासून माझा शनिवार-रविवार विम्याच्या कागदांत गेला. आमच्या धंद्यात सवयच अशी असते, की डॉक्युमेंटेशन वाचल्याशिवाय चैन पडत नाही (आणि वाचून झाल्यावर तर मुळीच पडत नाही). जे हाती लागलं ते इथे मांडतोय, कारण हल्ली मित्रांत प्रत्येकाच्या डोक्यात एखादी जुनी जिप्सी नाहीतर थार घोळत असते.

पहिली गोष्ट थर्ड पार्टीची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला हा विमा लागतोच. नसेल तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडलात तर दंड ४,००० रुपये. याचे दर सरकार ठरवतं, त्यामुळे इथे घासाघीस चालत नाही. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या तक्त्यात खाजगी कारला १००० सीसीपर्यंत २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीला ३,४१६ आणि त्यापुढे ७,८९७ रुपये आहेत. वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे रोज ऑफिसला पळणारी माझी गाडी ३,४१६ वाली आणि सहा दिवस झोपणारी जीप ७,८९७ वाली. आहे की नाही मजा?

म्हणून रविवारची गाडी अजून घ्यायची असेल, तर रंग आणि टायर बघायच्या आधी आरसी बुकातला सीसी बघा. जिप्सीचं इंजिन १२९८ सीसीचं, म्हणजे मधल्या गटात. हा फरक दर वर्षी द्यायचा असतो. (त्याच तक्त्यात व्हिंटेज म्हणून नोंदलेल्या खाजगी गाडीला ५० टक्के सूट आहे. पण त्यासाठी गाडीच्या पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली लागतात. माझी जीप त्या वयाला पोचेपर्यंत मी निवृत्त होऊन दहा-बारा वर्षं झालेली असतील.)

मग वाचवायचं कुठे? जागा आहेत, आणि सरळमार्गी आहेत.

एक, मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. १५ लाखांचा हा विमा सक्तीचा असला तरी तो माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. दोन्ही गाड्या एकाच्याच नावावर असतील तर एकदाच घेतला की पुरतो. दुसऱ्या पॉलिसीच्या वेळी 'माझ्याकडे आधीच आहे' असं लिहून द्यायचं. ऑनलाइन फॉर्ममध्ये तो चौकोन बऱ्याचदा आधीच टिक केलेला असतो, तेवढं बघायचं.

यावरूनच आमच्या घरात नावाचा वाद झाला. पप्पांचं म्हणणं, जीप आईच्या नावावर घ्यायची, लक्ष्मी आहे घरची. भावना शंभर टक्के बरोबर, पण मालक बदलला की हा विमा वेगळा आणि पुढच्या सवलतींचा मार्गही बंद. शेवटी नारळ आईच्या हातून फोडला आणि कागद माझ्या नावावर केला. दोन्ही पार्ट्या खूश.

दोन, किलोमीटर. आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा जो भाग असतो, म्हणजे ओन डॅमेज, त्याचे दर कंपनी ठरवते. जुलै २०२२ मध्ये आयआरडीएआयने या भागासाठी 'जेवढं चालवाल तेवढं भरा' या प्रकाराला परवानगी दिली. वर्षाचे किलोमीटर आधी सांगायचे, कमी असतील तर हप्ता कमी. माझा हिशेब असा: गगनबावडा जाऊन-येऊन साधारण ११० किलोमीटर, वर्षाचे ३० रविवार धरले तर ३,३००. पाच हजारांच्या गटात जीप आरामात बसते. किलोमीटर संपलेच तर टॉप-अप घ्यायचा, थर्ड पार्टी चालूच राहते. रोजच्या गाडीला मात्र हे परवडत नाही. ऑफिस आणि पुण्याच्या फेऱ्या धरून ती दहा हजारांवर जाते.

त्याच वेळी एकाच मालकाच्या सगळ्या गाड्या एका पॉलिसीत घेणाऱ्या 'फ्लोटर'लाही परवानगी मिळाली. सगळ्याच कंपन्यांकडे तो मिळत नाही, पण विचारायला पैसे पडत नाहीत.

तीन, नो क्लेम बोनस. क्लेम नसलेल्या एका वर्षाला २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांना ५०. हाही माणसाबरोबर चालतो, पण एका वेळी एकाच गाडीवर. रोजच्या गाडीचा बोनस दोन गाड्यांत वाटता येत नाही, आणि जीपच्या आधीच्या मालकाचा बोनस जीपबरोबर आपल्याकडे येत नाही. म्हणून जीप शून्यापासून सुरू. आणखी एक, पॉलिसी संपून ९० दिवस उलटले की साठलेला बोनस गेला. 'पावसाळ्यात कुठे काढतोय, दिवाळीला करू रिन्यू' म्हणणाऱ्यांनी हे जरा लिहून ठेवावं.

इथवर आलो आणि वाटलं, जमलं गणित. तेवढ्यात मित्राचा फोन. "भावा, कशाला एवढं डोकं लावालाईस? जुनी जीप हाय, नुसती थर्ड पार्टी टाक नि मोकळा हो!"

हा सल्ला तुम्हालाही कुणीतरी देणार, शंभर टक्के. आणि पहिल्या ऐकण्यात तो पटतोही. जुन्या गाडीला खरचटलं तर उद्यमनगरात ओळखीचा मिस्त्री आहे, पत्रा ठोकून दोन तासांत गाडी हातात देतो. मग ओन डॅमेजचे पैसे कशाला?

पण थर्ड पार्टी म्हणजे नेमकं कोण? रस्त्यावरून चालणारा माणूस. समोरच्या दुचाकीवरचा. समोरच्या गाडीतले सगळे. आणि माझ्या शेजारी बसलेला मित्र? मागे बसलेली माझी बहीण? खाजगी गाडीच्या नुसत्या 'लायबिलिटी ओन्ली' पॉलिसीत ते धरलेले नसतात! सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये तिलक सिंग प्रकरणात स्कूटरवर मागे बसलेल्याबद्दल हेच सांगितलं. २०१२ च्या बालकृष्णन प्रकरणात तर कंपनीच्या गाडीत बसलेल्या मॅनेजिंग डायरेक्टरचा प्रश्न होता. न्यायालय म्हणालं, पॉलिसी नुसती कायद्यापुरती असेल तर गाडीत बसलेल्यांची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, कॉम्प्रिहेन्सिव्ह म्हणजे पॅकेज असेल तर येते. आणि पॉलिसी कोणती ते तपासायला प्रकरण परत न्यायाधिकरणाकडे पाठवलं.

हे वाचलं आणि रविवारची जीप डोळ्यांसमोर उभी राहिली. सोमवार ते शुक्रवार माझ्या छोट्या गाडीत कोण असतं? मी आणि माझा लॅपटॉप. रविवारी जीपमध्ये कोण असतं? दोन मित्र, एकाची बायको, बहीण, कधी आई-पप्पा. त्यात घाट, धुकं, पावसाने धुतलेला रस्ता. किलोमीटर कमी, पण प्रत्येक किलोमीटरला माणसं पाचपट! आमच्या भाषेत सांगायचं तर मी जीपला टेस्ट सर्व्हर समजत होतो आणि सगळं प्रॉडक्शन रविवारी तिच्यावरच चाललेलं असतं. घाटात माझ्या हातून काही झालं, तर ज्यांना मीच फोन करकरून उठवलं त्यांची भरपाई माझ्या पगारातून. पैसे एक वेळ उभे करू. पण विमा का नव्हता याचं उत्तर मित्राच्या घरी जाऊन काय देणार? "काकू, दोन-तीन हजार वाचत होते"?

दुसरं कारण आपली पंचगंगा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं होतं. शाहूपुरी, नागाळा पार्क, व्हीनस कॉर्नर, सगळीकडे पाणी. पुरातलं नुकसान पॅकेज पॉलिसीत येतं, थर्ड पार्टीत नाही. रोजची गाडी आपण आठवणीने उंचावर नेऊन लावतो. पार्किंगच्या कोपऱ्यात ताडपत्री घातलेली जीप मागे राहते. आणि पाणी ओसरल्यावर किल्ली फिरवून इंजिन सुरू करायचा मोह अजिबात नको. इंजिनात पाणी गेलेलं असताना स्टार्टर मारून झालेलं नुकसान कंपन्या सहसा नाकारतात, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं ॲड-ऑन लागतं.

तेव्हा माझा निर्णय असा झाला. दोन्ही गाड्यांना पॅकेज. वैयक्तिक अपघात विमा एकदाच. जीपला पाच हजार किलोमीटरचा गट. झीरो डेप्रिसिएशन वगैरे या वयात तिला तसंही कुणी सहजी देत नाही. पाच वर्षांवरच्या गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, आपण आणि कंपनीने मिळून ठरवायची असते, ती मी बाजारभावाएवढीच ठेवली. कमी दाखवून हप्ता उतरतो, पण गाडी गेली तर हातात तेवढेच येतात. उद्यमनगरात बसवलेले मोठे टायर आणि बंपर कंपनीला लेखी कळवले. सगळं धरून नुसत्या थर्ड पार्टीपेक्षा जीपचा खर्च वाढला, पण चार रविवारच्या तांबड्या-पांढऱ्याच्या बिलाएवढाच.

आता एक काम करा. तुमची पॉलिसी मोबाइलवर कुठेतरी पीडीएफ होऊन पडलेली असेल. ती उघडा आणि पहिल्या पानावर वर काय लिहिलंय एवढंच वाचा. 'पॅकेज' असेल तर चहा घ्या. 'लायबिलिटी ओन्ली' असेल, तर या रविवारी तुमच्या गाडीत कोण कोण बसणार आहे त्यांची नावं एकदा मनातल्या मनात मोजा. पुढचं गणित तुमचं तुम्ही कराल.